पद्मिनीचं इंजिन डायनोवर चढवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. इंजिनचे सिलिंडर अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ बोअर करून नवे पिस्टन-रिंग टाकलेत आणि त्यानंतर गाडी जेमतेम सातशे-आठशे किलोमीटर चालली आहे. स्लो ठीक आहे, पण पिकअप नाही. मुंबईहून येताना कसारा घाटात तिसऱ्या गियरला नॉकिंग (इंजिनातली ठकठक) येतं आणि अ‍ॅव्हरेजही पडलंय. पुण्यातल्या एका वर्कशॉपने सांगितलं की डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, ट्यून करून आठ-दहा एचपी वाढवून देतो. तर नाशिकहून गाडी तिकडे न्यावी का, आणि पैसे वसूल होतील का?

उत्तर आधी देतो, कारणं मग. आत्ता नेऊ नका. इंजिन रन-इन होऊ द्या, म्हणजे नवे भाग रुळू द्या. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) आणि कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) यांचं काम इथेच नीट करून घ्या. त्यानंतर लोड धरून ठेवणारा डायनो मिळत असेल तर एकदा जरूर न्या. मात्र न्यायचं ते इग्निशन (ठिणगी) आणि मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) नेमकं कुठे बसलंय हे बघायला. आठ-दहा एचपीचं आश्वासन मनातून काढून टाका, ते मूळ स्थितीतल्या पद्मिनीतून निघणार नाही.

डायनो म्हणजे मोजायचं यंत्र. चाकं रोलरवर ठेवायची, रोलर किती जोराने फिरतो ते मोजायचं, त्यावरून टॉर्क आणि टॉर्कवरून एचपी काढायचा. हिशोब साधा आहे: किलोग्रॅम-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१६. लासलगावच्या काट्यावर ट्रॉली चढवली म्हणून कांदा वाढत नाही, तसं डायनोवर चढवल्याने इंजिनात काही वाढत नाही. वाढतं ते तिथे उभा असलेला माणूस जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक), टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), डिस्ट्रिब्युटरची स्प्रिंग बदलतो त्याने. ते बदल करायला इंजिनात जागा असेल तरच.

आता तुमच्या इंजिनात किती जागा आहे ते बघू. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, म्हणजे १०८९ सीसी. कंपनीचा आकडा ४८०० आरपीएमला साधारण ४० एचपी, तोही इंजिनच्या फ्लायव्हीलवरचा. तुमचा बोअर आता ६८.५ झाला, म्हणजे सुमारे ११०५ सीसी. वाढ सोळा सीसीची, दीड टक्क्याची. त्यातून फार तर अर्धा एचपी. कॅमशाफ्ट तोच, एकच सोलेक्स कार्बोरेटर, तोच मॅनिफोल्ड, कॉम्प्रेशन साडेसातच्या आसपास. या सगळ्याला हात न लावता आठ-दहा एचपी म्हणजे मूळ ताकदीच्या चौथा हिस्सा जास्त. इंजिन आधीच बिघडलेलं असेल आणि त्यामुळे आठ एचपी कमी देत असेल, तरच ते 'वाढलेले' दिसतील. ती वाढ म्हणजे हरवलेलं परत मिळणं. ते इथे, साध्या हत्यारांनी, कमी पैशांत मिळू शकतं.

रोलरवर पहिला आकडा बघून बऱ्याच मालकांचा चेहरा उतरतो, म्हणून हेही आधीच सांगून ठेवतो. फ्लायव्हीलवरचे ४० एचपी चाकांपर्यंत पोचत नाहीत. गियरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि टायर मिळून ढोबळ पंधरा टक्के खातात, म्हणजे उरले ३४. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. पुणेही जवळपास त्याच उंचीवर. म्हणजे उरले ३२ च्या आसपास, आणि मे महिन्यातली दुपार असेल तर अजून कमी. तुमची पद्मिनी रोलरवर तिशीच्या आसपास दाखवत असेल तर ती ठणठणीत आहे असं समजा.

याच आकड्यांवर डायनोवाला सॉफ्टवेअरमधून दुरुस्ती लावतो, म्हणजे हवेचा दाब आणि तापमान धरून आकडा प्रमाणित स्थितीला आणतो. एसएई नावाची एक पद्धत आहे, एसटीडी म्हणून दुसरी, जुनी. एसटीडीचा आकडा एसएईपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी मोठा दिसतो. काही ठिकाणी त्यावर ट्रान्समिशनचा तोटाही अंदाजाने परत मिळवतात आणि तो 'इंजिनचा एचपी' म्हणून छापतात. आधीचा आणि नंतरचा रन (रोलरवरची एक मोजणी) एकाच पद्धतीने, एकाच गियरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून आणि ऑइल तेवढंच गरम असताना घेतला असेल तरच फरकाला अर्थ आहे. गियरबॉक्स आणि डिफरन्शियलमधलं ऑइल थंड असताना घट्ट असतं. पहिला रन थंड ऑइलवर आणि शेवटचा गरम ऑइलवर घेतला, तर स्क्रू ड्रायव्हर न लावताही अशा छोट्या गाडीत एखाद-दीड एचपी सहज 'वाढतो'. म्हणून पहिल्या रनच्या आधी गाडी रोलरवर दहा-पंधरा मिनिटं हलक्या लोडवर फिरवायला सांगा, आणि दुरुस्ती न लावलेला आकडाही कागदावर मागा.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. पिकअप नाही, घाटात नॉकिंग, अ‍ॅव्हरेज कमी. ही तिन्ही एकत्र दिसली की माझा हात आधी डिस्ट्रिब्युटरकडे जातो.

विचार करा. हे इंजिन ज्या काळात बनलं, त्या काळचं आपल्याकडचं पेट्रोल आजच्यापेक्षा कमी ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंग कमी रोखणारं, होतं आणि इंजिन त्यावर घाट चढत होतं. आज पंपावर मिळणारं ई२० पेट्रोल ९५ ऑक्टेनचं आहे. साडेसातच्या कॉम्प्रेशनचं इंजिन ९५ ऑक्टेनवर नॉकिंग करत असेल, तर पेट्रोलचा दोष शोधण्यात अर्थ नाही. एक तर ठिणगी फार लवकर पडते आहे, किंवा मिक्स्चर फार लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, किंवा हेड (सिलिंडरवरचं झाकण) जास्त घासल्याने कॉम्प्रेशन वाढलंय, किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचे आहेत. बोअर करताना हेड सरफेस केलं का, किती, आणि गॅस्केट कोणतं टाकलं, हे मेस्त्रींना विचारून घ्या.

डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. आरपीएम वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते, यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. किती आरपीएमला किती अंश लवकर, हे त्या स्प्रिंगा ठरवतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत स्प्रिंगा ढिल्या पडतात, नाहीतर मधल्या काळात कुणीतरी हाताला लागेल ती स्प्रिंग बसवलेली असते. मग जो अ‍ॅडव्हान्स तीन हजार आरपीएमला पूर्ण व्हायचा तो दीड-दोन हजारालाच होतो. घाटात गाडी नेमकी त्याच आरपीएमला, पॅडल पूर्ण दाबून, कष्टात असते, आणि तिथे नॉकिंग ऐकू येतं. मेस्त्री काय करतो? डिस्ट्रिब्युटर फिरवून सगळं टायमिंगच मागे घेतो. नॉकिंग कमी होतं, पण वरच्या आरपीएमला जेवढी ठिणगी लवकर पडायला हवी तेवढी पडत नाही. गाडी ओढत नाही, सायलेन्सर तापतो, पाण्याचा काटा वर जातो, पेट्रोल जास्त लागतं.

टायमिंग लाइटने स्लोवर टायमिंग बसवलं तरी हाच घोटाळा होतो. ढिल्या स्प्रिंगांमुळे वजनं स्लोलाच अर्धी उघडलेली असतात. लाइटखाली खूण बरोबर दिसते, पण त्यातला काही अ‍ॅडव्हान्स आधीच वापरून झालेला असतो. वर गेल्यावर द्यायला तेवढा कमी उरतो.

हे तपासायला डायनो लागत नाही. अंश मोजता येणारा टायमिंग लाइट घ्या. ८०० आरपीएमपासून पाचशे-पाचशेने वाढवत ३५०० पर्यंत प्रत्येक ठिकाणी किती अंश येतात ते कागदावर लिहा. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स असेल त्याची नळी काढून, तोंड बंद करून मोजा. आकडे सावकाश चढत गेले पाहिजेत. हजार-बाराशेलाच उडी मारून पुढे सपाट झाले तर रोग सापडला. त्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता करा: पुलीवरची टीडीसीची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची, खूण खरी आहे का ते बघा. जुन्या गाड्यांच्या पुल्या बदललेल्या असतात, खुणा छिन्नीने पाडलेल्या असतात. प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा स्टॉप घालून इंजिन हाताने दोन्ही बाजूंना फिरवा, पिस्टन अडतो त्या दोन्ही ठिकाणी पुलीवर खूण करा. त्यांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. खूणच खोटी असेल तर जगातला कुठलाही डायनो तुम्हाला खरे अंश सांगणार नाही.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटाने हलवून बघा. बुश झिजलं असेल तर पॉइंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग नाचतं. बुश लेथवर बनवून बसवता येतं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत इतकं बारीक काम करणारे टर्नर आहेत की नाशिककराला यासाठी बाहेर जायची गरज नाही. मी स्वतः कारखान्यात इंजिन टेस्ट बेडवर काम करून मग गॅरेजकडे वळलो, म्हणून खात्रीने सांगतो: टेस्ट बेडवरही आधी यांत्रिक तब्येत तपासतात, मग इंजिनला लोड देतात.

तब्येत म्हणजे काय तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, कोरडं आणि थोडं ऑइल घालून, असं दोनदा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. टॅपेटची (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप. फ्युएल पंपाचा दाब. कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलचं भोक. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्या सोलेक्समध्ये स्पिंडल झिजून बाजूने हवा आत येते, गाडी लीन होते आणि मग कुणीतरी जेटमध्ये तार घालून भोक मोठं करतो. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला व्यास. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. एकदा तार फिरली की तो आकडा खोटा झाला, आणि नंतर डायनोवर उभ्या असलेल्या माणसाला आपण कुठून कुठे जातोय हेच कळत नाही.

व्हॅक्युम गेज लावत असाल तर नाशिकसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुस्तकांत चांगल्या इंजिनचा आकडा स्लोवर १७ ते २१ इंच असा दिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांमागे एक इंच कमी धरायचा. इथे १५ ते १९ दाखवत असेल तर काळजीचं कारण नाही. पुस्तक वाचून 'व्हॅक्युम कमी आहे, वॉल्व्ह गेले' म्हणत चांगली हेडं उतरवलेली मी पाहिली आहेत.

मिक्स्चरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाड्यांच्या मालकांनी डायनोचा विचार करावा असं खरं नवं कारण गेल्या काही वर्षांत इथेच तयार झालंय.

कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, तिचा वेग कळतो. हवा विरळ झाली की हवा जितकी कमी होते तितकं पेट्रोल कमी होत नाही, म्हणून उंचीवर गाडी रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. सहा टक्के विरळ हवेला साधारण तीन टक्के रिच. म्हणून मुंबईत बसवलेली गाडी नाशिकला आली की थोडी रिच चालते, उन्हाळ्यात अजून थोडी. हे पूर्वीपासून होतं आणि त्यात फारसं बिघडत नव्हतं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जेट तोच ठेवला तर गाडी सुमारे आठ टक्के लीन चालते. उंचीने तीन टक्के रिच, इथेनॉलने आठ टक्के लीन. बेरीज केली तर नाशिकमध्ये मूळ जेटवर तुमची पद्मिनी कंपनीच्या मूळ मिक्स्चरपेक्षा चार-पाच टक्के लीन आहे. मुंबईत तीच गाडी अजून लीन. कंपनीने ज्या गाडीचं जेटिंग आधीच काटकसरीचं केलं होतं, तिला हे चार-पाच टक्के जाणवतात: पॅडल दाबताच अडखळणं, घाटात तापणं, चोक उशिरापर्यंत ओढून ठेवावा लागणं. आणि लीन मिक्स्चर हे नॉकिंगचंही एक कारण आहे. तुमच्या तक्रारीत डिस्ट्रिब्युटर आणि लीन मिक्स्चर दोन्ही सामील असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

याचं उत्तर साधारणपणे मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा, हे असतं. पण किती, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. पूर्वी प्लगचा रंग बघायचो. आताच्या पेट्रोलवर प्लग फिकेच दिसतात, त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नका. एक्झॉस्ट पाइपवर, सायलेन्सरच्या आधी, एक नट वेल्ड करून वाइडबँड लॅम्डा मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिक्स्चर सांगणारा) लावा. सेन्सर पाइपच्या वरच्या बाजूला असू द्या, खाली लावला तर पाणी साचून मरतो. मीटर हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर न ठेवता लॅम्डावर ठेवा. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोल कुठलंही असो, बरोबर पुरेशी हवा. इथेनॉलच्या टक्क्यांचा गोंधळ त्याने संपतो. पूर्ण पॅडलवर ०.८६ ते ०.९०, सपाट रस्त्यावर ताशी साठला १ च्या आसपास, स्लोवर थोडं रिच, असं मला या इंजिनांत हवं असतं. एक सावधगिरी: इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि मीटर 'लीन' सांगतो, प्रत्यक्षात पेट्रोल भरपूर असतं. म्हणून आधी इग्निशन, मग मिक्स्चर. हा क्रम उलटा केला की दिवस वाया जातो.

मीटर लावून कुठे चालवायची? सपाट वेगासाठी त्र्यंबक रस्ता पहाटे चांगला. लोडसाठी सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरी घाट, किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट. नवरात्र आणि चैत्राची यात्रा सोडून कधीही. दुसऱ्या-तिसऱ्या गियरला पूर्ण पॅडलवर गाडी जिथे आरपीएम धरून चढते, ती जागा म्हणजे फुकटचा लोड डायनो. मीटर वाचायला शेजारी माणूस हवाच, स्वतः वाचत चालवू नका.

मग डायनो कशासाठी? घाटात तुम्ही मिक्स्चर बघू शकता, टायमिंग नेमकं शोधू शकत नाही. आरपीएम २००० ला धरून ठेवायचे, पॅडल तेवढंच, आणि डिस्ट्रिब्युटर एकेक अंश फिरवत टॉर्क कुठे वाढायचा थांबतो ते बघायचं. मग दोन अंश मागे यायचं. हेच २५०० ला, ३००० ला, ३५०० ला. जी रेषा मिळते ती तुमच्या इंजिनची, आजच्या पेट्रोलवरची टायमिंगची गरज. कारखान्याची रेषा कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आखलेली होती. आजच्या पेट्रोलवर मधल्या आरपीएमला चार-पाच अंश जास्त मानवतात असं बऱ्याचदा निघतं. कमाल एचपीत त्याने जेमतेम फरक पडेल, पण दोन हजार ते तीन हजारच्या पट्ट्यात, जिथे तुम्ही रोज गाडी चालवता, तिथे गाडी वेगळी वाटते. घाटात गियर उतरवावा लागत नाही. पैसे वसूल होतात ते इथे.

हे काम सगळ्या डायनोंवर होत नाही. एक प्रकार इनर्शियाचा: जड ड्रम, गाडी पूर्ण पॅडलवर खालून वरपर्यंत पळवायची, ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून ताकद. त्यावर आरपीएम धरून ठेवता येत नाही. शिवाय मोठ्या गाड्यांसाठी बनवलेला ड्रम तीस एचपीच्या गाडीला फिरवायला फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इंजिन पूर्ण पॅडलवर भाजत असतं. दुसरा प्रकार ब्रेकवाला, बहुतेक ठिकाणी एडी करंटचा. तो हवा तेवढा लोड देतो आणि आरपीएम खिळवून ठेवतो. तुम्हाला हाच हवा. फोनवर विचारा: 'अर्ध्या पॅडलवर २५०० ला एक मिनिट धरून ठेवता येईल का?' उत्तर 'त्याची गरज नसते' असं आलं तर फोन ठेवून द्या. भाडं तासावर ठरवा, रनवर नको. आणि डिस्ट्रिब्युटरची वजनं-स्प्रिंगा हाताळलेला माणूस तिथे आहे का ते विचारा. आजचे बरेच हुशार ट्यूनर लॅपटॉपवर ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) मॅप बदलण्यात पटाईत आहेत, सोलेक्स त्यांनी उघडलेला नसतो. तुमचा मेस्त्री सोबत न्या, हे सर्वांत उत्तम.

ज्यांनी मूळ इंजिन बदललंय त्यांचा हिशोब मात्र वेगळा. जोड कार्बोरेटर, वेगळा कॅम, वाढवलेलं कॉम्प्रेशन, दुसऱ्या गाडीचा मिकुनी कार्बोरेटर बसवलेली पद्मिनी, बाजारातलं फ्युएल इंजेक्शन किट: या सगळ्यांना कंपनीचा कुठलाच आकडा लागू नाही. तिथे डायनो हीच एकमेव खात्रीची वाट, मी निःशंकपणे 'न्या' म्हणतो. रॅली ऑफ महाराष्ट्रमुळे नाशिकमध्ये अशा गाड्या बांधणारे लोक आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी कमाल एचपीकडे बघूच नये, दोन हजारांच्या खालचा टॉर्क बघावा. अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनवाल्यांनी जपून: तिचं हेड बिडाचं, वॉल्व्ह सीट त्याच बिडात कापलेल्या. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, आणि कडक सीट बसवून घेतलेल्या नसतील तर पूर्ण पॅडलवरचे लागोपाठ रन त्या सीटना खातात. डायनोनंतर टॅपेटची गॅप मोजा. कमी झाली असेल तर वॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय.

तुमची गाडी १९७८ ची आहे, म्हणून आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तुमची २०२८ मध्ये त्या वयाची होईल. आज कुणी कॅम आणि जोड कार्बोरेटरचा आग्रह धरला तर हे ध्यानात असू द्या. जेट आणि स्प्रिंगांनी मूळपणाला धक्का लागत नाही.

नेण्याच्या दिवसाची तयारी. टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुने, तडकलेले टायर रोलरवर नकोत. पद्मिनीचा चौथा गियर थेट आहे, म्हणून मोजणी चौथ्यात अचूक येते, पण ४८०० आरपीएम म्हणजे ताशी सव्वाशेच्या आसपासचा वेग झाला. टायमिंगचं काम चौथ्यात ३५०० पर्यंतच करा, वरचा आकडा हवाच असेल तर एकच रन. रन चालू असताना गाडीच्या मागे आणि पुढे कुणी उभं राहू नये. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारे आहेत ना, ते आधी बघा. बंद शेडमध्ये गरम इंजिनवर नळी फुटणं म्हणजे आग. समोर मोठा पंखा हवा, रेडिएटरबरोबर फ्युएल पंपालाही वारा लागला पाहिजे, नाहीतर व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा थांबणं) होऊन अर्धा तास ओलं फडकं धरून बसावं लागतं आणि भाडं चालू राहतं.

जेट सोबत न्या. तुमच्याकडे आहे त्याच्या वरच्या तीन आणि खालची एक, अशा मेन जेटा, आणि एअर जेटच्या दोन पायऱ्या. इथे न मिळाल्या तर मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या दुकानांत किंवा कुर्ल्याला शोधा. जेट नाही म्हणून डायनोवरून तसंच परतणं फार सामान्य आहे. डिस्ट्रिब्युटरच्या वेगवेगळ्या ताणाच्या स्प्रिंगांचे दोन-तीन जोडही ठेवा.

परत येताना आलेखाच्या कागदापेक्षा हे लिहून आणा: कुठला मेन जेट, कुठला एअर जेट, प्रत्येक पाचशे आरपीएमला किती अंश, पॉइंटची गॅप, त्या दिवशीचं तापमान आणि पेट्रोल कुठल्या पंपाचं. पुढच्या मेस्त्रीला हाच कागद लागतो.

तूर्तास पंधराशे किलोमीटर होईपर्यंत गाडी वेग बदलत, न ताणता चालवा. मग ऑइल बदला, हेडचे नट, इंजिन गरम असताना आवळायचे की थंड असताना हा कंपनीचा नियम पाळून, पुन्हा टॉर्कने आवळा, टॅपेट बसवा. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, कोरडं आणि ऑइल घालून, आणि ८०० ते ३५०० आरपीएमचे अंश मला कळवा. हेड किती घासलंय तेही. एवढ्यावरून तुमचं नॉकिंग स्प्रिंगांचं की जेटचं, हे बहुतेक इथूनच सांगता येईल, आणि डायनोवर एक तास पुरेल की अर्धा दिवस लागेल तेही.